जर्मनीत शिकायला आलात? दोन वर्षांचा मोबाइल करार टाळून प्रीपेड सिम कसं घ्यावं

ऑक्टोबर जवळ आला, की कुणाच्या तरी भाच्याचा किंवा शेजारच्या काकूंच्या मुलीचा मेसेज ठरलेला: "दादा, पोचले. सिम कुठलं घेऊ?" माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. प्रीपेड घे. निदान पहिलं वर्षभर तरी कशावरही सही करू नकोस.

इतकं ठासून सांगायला कारण आहे. भारतात दहातले नऊ मोबाइल प्रीपेडच असतात आणि पोस्टपेड नको झालं तर आपण ते सहज बंद करतो. त्यामुळे इथला 'फेरट्राग', म्हणजे करार, माणसाला किती घट्ट बांधून ठेवतो याची कल्पनाच आपल्याला नसते. जर्मनीत मोबाइलचा करार 24 महिन्यांपर्यंतचा असू शकतो. मध्येच शहर बदललं, पार्टटाइम नोकरी सुटली, अगदी कोर्स अर्धवट राहिला, तरी बिल दरमहा खात्यातून कापलं जातं.

मी स्वतः यात अडकलो होतो. येऊन तिसरा दिवस. स्टेशनजवळच्या एका दुकानात विक्रेता छान इंग्रजी बोलत होता, आणि नव्या शहरात कुणी आपल्याला समजेल असं बोललं की आपण निम्मे विरघळलेलेच असतो. "फोन फक्त 1 युरोत," तो म्हणाला. टॅबलेटवर बोटाने सही केली. पुढे इंटर्नशिपसाठी दुसऱ्या गावी गेलो, तिथे तळघरातली खोली मिळाली आणि त्या खोलीत त्या कंपनीची रेंजच नव्हती. फोन उचलायला जिना चढून अंगणात यायचो. डिसेंबरात. बिल मात्र चालूच.

आधी कागदावर हिशेब मांडा

दुकानात जाण्याआधी हे करा. माझ्या करारात पहिले 6 महिने 19.99 युरो होते, पुढचे 18 महिने 34.99 आणि सुरुवातीचं जोडणी शुल्क 39.99. बेरीज 789.75 युरो. तसाच फोन बाहेर साधारण 250 युरोला मिळत होता. तो वजा केला तरी नुसत्या सेवेचे जवळपास 540 युरो झाले.

आता प्रीपेड पाहा. इथलं पॅकही आपल्यासारखंच 28 दिवसांचं असतं. जाहिरातीत 'चार आठवडे' लिहिलेलं दिसेल, त्याला महिना समजू नका. वर्षात 13 वेळा पैसे जातात, 12 वेळा नाही. 8.99 युरोचं पॅक धरलं तर दोन वर्षांत 26 पॅक, म्हणजे 233.74 युरो. फरक 300 युरोंच्या वर. विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो सुटतात, हे लक्षात घेतलं की 300 युरो म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

नेटवर्क राहत्या जागेवरून ठरवा

सुपरमार्केटमध्ये मिळणारी स्वस्त सिम मोठ्या कंपन्यांच्याच टॉवरवर चालतात. आल्डी टॉक ओ-टूच्या नेटवर्कवर आहे, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या, तर कॉन्गस्टार टेलिकॉमच्या. नावावर जाऊ नका. ज्या घरात राहणार त्या घरातल्या लोकांना विचारा: "तुमच्या खोलीत कुठलं चालतं?" आणि रोज ट्रेनने जाणार असाल तर त्या मार्गावरचंही विचारून घ्या. हे आधी विचारलं असतं तर माझा हिवाळा अंगणात गेला नसता. अर्थात प्रीपेडमध्ये चूक झाली तरी ती 28 दिवसांपुरतीच. पुढचं पॅक दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं.

सिम विकत घेणं सोपं, चालू करणं वेळखाऊ

स्टार्टर पाकीट सुपरमार्केटच्या काउंटरजवळ टांगलेलं असतं. दूध-ब्रेडबरोबर घ्या आणि पैसे द्या. पण 1 जुलै 2017 पासून जर्मनीत ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. त्यासाठी दोन मुख्य रस्ते आहेत. एक व्हिडिओ कॉल: समोरचा माणूस पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला आणि तिरका करून दाखवायला सांगतो, म्हणजे वरची चकाकणारी खूण दिसते. दुसरा रस्ता पोस्टाचा: कंपनीचा फॉर्म आणि पासपोर्ट घेऊन पोस्टाच्या शाखेत जायचं, तिथला कर्मचारी कागद तपासतो. कंपनी भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर स्वीकारते का, हे पाकीट फोडण्याआधी तिच्या वेबसाइटवर बघा. माझा अनुभव असा, की खोलीतला उजेड कमी असला की व्हिडिओ कॉल हमखास फसतो. खिडकीजवळ बसा.

जर्मनीतला पत्ताही लागतो. पासपोर्टवर तो नसल्यामुळे काही ठिकाणी 'आनमेल्डुंग'चा, म्हणजे पत्ता नोंदणीचा कागद मागतात. नवीन घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती नोंदणी करायचीच असते, तेव्हा सिमच्या निमित्ताने तेही काम उरकून घ्या. करारासाठी मात्र याशिवाय बँक खातं लागतं आणि बहुतेक कंपन्या 'शूफा'कडे, म्हणजे लोकांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, तुमची पत चौकशी करतात. नव्याने आलेल्या माणसाचा तिथे काहीच इतिहास नसतो, म्हणून पुष्कळांचा अर्ज नाकारला जातो. ते मनाला लावून घेऊ नका. प्रीपेडला पैसे आधीच दिलेले असतात, त्यामुळे पत तपासण्याचा प्रश्नच येत नाही.

सिम चालू व्हायला उशीर होत असेल तरी फार दिवस ढकलू नका. जर्मनीत 2009 पासून फोनमध्ये चालू सिम असल्याशिवाय 112 हा आपत्कालीन नंबर लागत नाही.

रिचार्ज आणि दोन सेटिंग

रिचार्जचे पैसे सुपरमार्केटच्या काउंटरवरच भरता येतात. कंपनीचं नाव आणि रक्कम सांगायची: "आल्डी टॉक, फ्युन्फत्सेन ऑयरो," म्हणजे पंधरा युरो. पावतीवर लांबलचक कोड छापून येतो, तो अ‍ॅपमध्ये टाकला की 'गुथाबेन', म्हणजे शिल्लक वाढते. पावतीचा कागद उन्हात पांढरा पडतो, म्हणून कोड त्याच दिवशी टाका.

मग अ‍ॅप उघडा. आपोआप रिचार्ज होण्याची सोय चालू केलेली असेल तर बंद करा. नाहीतर तुम्ही दिवाळीला घरी आलेले असाल आणि इकडे खात्यातून पैसे जात राहतील. दुसरं, कंपनीला सांगून 'ड्रिटआनबीटरश्पेरं' लावून घ्या. याने तिसऱ्याच कुणा कंपनीला तुमच्या मोबाइलच्या शिलकीतून पैसे कापता येत नाहीत. ही सोय फुकट द्यावी लागते, असा कायदाच आहे.

सुट्टीत पॅरिस-प्राग फिरायला जाणार असाल तर वेगळं सिम नको. युरोपीय संघात 2017 पासून घरच्याच दरात रोमिंग मिळतं आणि ते प्रीपेडलाही लागू आहे. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही. सीमेजवळच्या कोन्स्टान्ससारख्या गावात राहत असाल तर फोन आपोआप स्विस टॉवर पकडतो आणि शिल्लक उडते. तिथे नेटवर्कची निवड हाताने करा.

भारतातला नंबर जिवंत ठेवा

हे काम निघण्यापूर्वीचं. बँकेचे, आधारचे, म्युच्युअल फंडाचे सगळे ओटीपी त्या नंबरवर येतात. तो पोस्टपेड असेल तर प्रीपेड करून घ्या. सप्टेंबर 2021 पासून हा बदल ओटीपीवर होतो, पुन्हा केवायसी लागत नाही. आता फक्त कॉल आणि एसएमएसचे, इंटरनेट नसलेले पॅकही मिळतात आणि पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. आई-बाबांना दरमहा रिचार्जची आठवण करून देण्यापेक्षा वर्षाचं एकदाच मारून टाका. इंटरनॅशनल रोमिंग भारतात असतानाच चालू करा, डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि फोन दोन सिमचा आहे का ते पाहून घ्या.

करार कधी चालेल

कायम नोकरी लागली, एका शहरात स्थिरावलात आणि डेटा भरपूर लागतो, तर करार वाईट नाही. पण तेव्हाही फोन त्यात गुंफू नका. नुसतं सिम घ्या आणि 'मोनाटलिश क्युंडबार' हे शब्द शोधा, म्हणजे दरमहा बंद करता येणारं. 24 महिन्यांचा करार ऑनलाइन केलात तर 14 दिवसांत कारण न देता मागे घेता येतो. दुकानात सही केली तर हा हक्क नसतो. माझं नेमकं तिथेच अडलं.

आधीच सही करून बसला असाल तर

करारावरची शेवटची तारीख शोधा. तिच्या किमान महिनाभर आधी करार संपवत असल्याचं कळवायचं असतं. विसरलात तरी डिसेंबर 2021 पासून कंपनीला पुढचं वर्ष तुमच्या गळ्यात मारता येत नाही. मुदत उलटल्यावर महिन्याच्या सूचनेवर कधीही बाहेर पडता येतं. 1 जुलै 2022 पासून कंपन्यांना वेबसाइटवर 'फेरट्रेगे हिअर क्युंडिगेन', म्हणजे 'करार इथे रद्द करा', असं स्पष्ट बटण ठेवावं लागतं. ते सहसा पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतं. शेवटचा महिना येईपर्यंत थांबू नका, बटण आजच दाबा. करार ठरलेल्या तारखेलाच संपेल, पण तुमच्या डोक्यावरचा भार आज उतरेल.

बटण दाबल्यावर ईमेलने पोच येते. ती छापून पासपोर्टच्या फायलीत ठेवा. नंबर तोच हवा असेल तर तो नव्या प्रीपेड सिमवर फुकट नेता येतो, अगदी कराराच्या मधूनही. मात्र तसं केलंत तरी जुनं बिल मुदत संपेपर्यंत येतच राहील.