नवं अध्यात्माचं पुस्तक घेताय? कव्हर सोडा, आत हे बघा (इंदूरच्या मराठी मंडळींसाठी)

चातुर्मास जवळ आला की विचारणा सुरू होते, आईला वाचायला काही चांगलं सांगा, संतांवर नवीन काय आलंय. पुण्यात दुकानात उभं राहून तासभर चाळता येतं, आपल्याकडे खजुरी बाजारात जा तर शाळा-कॉलेजची नि हिंदी पुस्तकंच जास्त, मराठी शोधावं लागतं, मग लोक मोबाईलवर कव्हर बघून मागवतात आणि दोन पानं वाचून ते देवघराशेजारी पडून राहतं. वाईट वाटतं हो, कारण चांगली पुस्तकंही निघतायत, फक्त निवडायला थोडा वेळ द्यायला हवा.

सगळ्यात आधी, लेखकाने संतांची वचनं कशी दिलीयत ते बघा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, संतांना जाऊन तर शेकडो वर्षं झाली, त्यामुळे अभंग-ओव्या कोणीही छापू शकतो. हे छानच आहे, गरिबाघरीही गाथा पोचली ती त्यामुळेच, पण मग व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ओळीही ‘तुका म्हणे’ लावून पुस्तकात येतात.

मी स्वतः एक अभंग शोधते. ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’, तोच ज्यात ‘ज्ञानदेवे रचिला पाया’ आणि ‘तुका झालासे कळस’ येतं. वारकरी परंपरेवरच्या बहुतेक पुस्तकात तो असतोच. आता बघा खाली नाव कोणाचं आहे. तो संत बहिणाबाईंचा, म्हणजे शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या, आणि शेवटी ‘बहिणी फडकती ध्वजा’ अशी त्यांची नाममुद्रा आहे. पुष्कळदा ती शेवटची ओळच गाळलेली असते आणि अभंग तुकोबांच्या किंवा नामदेवांच्या नावावर जातो, किंवा त्याहून मोठा घोळ म्हणजे ‘अरे संसार संसार’वाल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या नावावर, ज्या १८८० साली जन्मल्या. इतकं साधं जिथे तपासलेलं नाही तिथे बाकीच्या २०० पानांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. ज्या बाईने ते लिहिलं तिचं नाव तिला मिळालंच पाहिजे.

दुसरं, अभंगाचा नंबर दिला असेल तर तो कुठल्या गाथेतला हे सांगितलंय का. तुकोबांची १९५० ची सरकारने छापलेली गाथा आणि बाकीच्या गाथा यांचे क्रमांक जुळत नाहीत, नुसता आकडा काही कामाचा नाही. तसंच ज्ञानेश्वरीवरचं पुस्तक असेल तर प्रस्तावनेत कुठली प्रत वापरली ते हवं, साखरे महाराजांची की राजवाड्यांची की आणखी कुठली, कारण ग्रंथ शके १२१२ चा आणि एकनाथांनी तो शुद्ध केला शके १५०६ मध्ये, मधल्या काळात पाठभेद, म्हणजे ओव्यांच्या शब्दांतले फरक, शिरलेच होते. प्रस्तावनाच नसेल तर पुस्तक खाली ठेवा.

मग ते छोट्या अक्षरांचं पान, ‘पहिली आवृत्ती’ की ‘पुनर्मुद्रण’. जुनंच पुस्तक नव्या कव्हरात खूप येतं. जुनं म्हणजे वाईट नाही हां, पण नवीन म्हणून पैसे देताय तर माहीत असावं.

कोणासाठी घेताय तेही धरा. आईला पारायण करायचं असेल तर विवेचन नको, मोठ्या टाइपातला मूळ ग्रंथ घ्या, आणि बांधणी शिवलेली आहे का ते पाहा, नुसत्या गोंदावरची रोज उघडून पानं सुटतात. रोज थोडं वाचायचं असेल तर दासबोध बरा पडतो, २० दशक, २०० समास, रोज एक समास घेतला तर सात महिन्यांच्या आत होतो. ज्ञानेश्वरी साधारण ९००० ओव्यांची, रोज २५ घेतल्या की वर्षाचं काम. आणि आपली मुलं, जी मराठी बोलतात पण हिंदी भराभर वाचतात, त्यांना शेजारी सोपा अर्थ दिलेली सार्थ आवृत्तीच द्या, नाहीतर पहिल्या पानावरच कंटाळतील.

विकत घेण्याआधी कोणाकडे आहे का विचारा. साउथ तुकोगंजच्या नाथ मंदिरात किंवा तुमच्या भजनी मंडळात वाचणारे लोक भेटतात, त्यांच्याकडून आठवडाभर मागून आणा, आईला आवडलं तर मागवा. आणि मागवताना नुसतं नाव सांगू नका, एकाच नावाची चार-चार पुस्तकं असतात, मागचा तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), प्रकाशक आणि आवृत्ती याचा फोटो काढून दुकानदाराला पाठवा, आणि आतल्या दोन पानांचा फोटो आधी मागून घ्या म्हणजे टाइप केवढा आहे तेही कळेल.