निर्देशांकावर सौदा: फ्युचर घ्यावा की ऑप्शन?

शेअर बाजाराचा निर्देशांक वर जाणार असं वाटलं की फ्युचर घेऊ की कॉल, हा प्रश्न पडतोच. फ्युचर म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला सौदा पुरा करायचा करार. ऑप्शन म्हणजे नुसता हक्क, बंधन नाही: ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क तो कॉल, विकण्याचा तो पुट. सौदा टाकण्याआधी कागदावर एक हिशेब करून बघा.

समजा, निर्देशांक १०,००० वर आहे आणि सोयीसाठी धरू की महिन्याभराचा फ्युचरही १०,००० लाच मिळतोय. १०,००० स्ट्राइकच्या (म्हणजे हक्काचा ठरलेला भाव १०,००० असलेल्या) कॉलचा आणि पुटचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, प्रत्येकी २०० अंक. आता फ्युचर घ्या आणि जोडीला पुटही घ्या. एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपते त्या दिवशी, निर्देशांक १०,५०० असेल तर फ्युचरचे ५०० मिळाले, पुटचे २०० गेले, हाती ३००. ९,५०० असेल तर फ्युचरचा तोटा पुटने भरून काढला, गेले फक्त २००. नुसता कॉल घेतला असता तरी हेच आकडे आले असते. म्हणजे कॉल हा विमा उतरवलेला फ्युचरच आहे. तो विमा आपल्याला हवा का, आणि मागितलेल्या किमतीला हवा का, एवढंच ठरवायचं आहे.

आधी आपला अंदाज लिहून काढा: दिशा कोणती, चाल किती अंकांची, कधीपर्यंत. चाल छोटी वाटत असेल तर विमा महाग पडतो. एक्स्पायरीला निर्देशांक १०,१५० असेल तर फ्युचरवाल्याला १५० मिळतात. कॉलवाल्याची दिशा बरोबर असूनही ५० जातात.

मग वाटेचा विचार करा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच बहुतेक जण गाळतात. निर्देशांक आधी ९,६०० पर्यंत घसरून मग १०,४०० वर गेला असं समजा. कॉलवाल्याला शेवटी २०० मिळतात, मधे एक पैसाही भरावा लागत नाही. फ्युचरचा हिशेब मात्र रोजच्या रोज होतो. ४०० अंकांचा तोटा खात्यातून वळता होतो, मार्जिन कॉल (अनामत भरून काढा असा निरोप) येतो आणि पैसे भरता आले नाहीत तर ब्रोकर तळालाच आपला चालू सौदा कापतो. तेवढी घसरण सोसायची रक्कम बाजूला ठेवलेली नसेल तर फ्युचर घेऊ नका.

पुढे विम्याची किंमत तपासा. स्ट्राइकजवळच्या ऑप्शनची वेळेपोटीची किंमत उरलेल्या मुदतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालते. निर्देशांक जागीच राहिला आणि बाजाराची अस्थिरता बदलली नाही, तर २०० चा प्रीमियम मुदतीचा पाव भाग उरेपर्यंत साधारण १०० होतो. उरलेले १०० त्या शेवटच्या पाव भागात वितळतात. व्याजदराच्या निर्णयासारख्या मोठ्या घोषणेआधी प्रीमियम फुगतात आणि घोषणा होताच बसतात. बाजार पुढे किती हलेल याचा जो अंदाज प्रीमियममध्ये धरलेला असतो, ती अपेक्षित अस्थिरता. अमेरिकी बाजारात ती मोजायला १९९३ पासून व्हिक्स हा निर्देशांक आहे. असा आकडा नेहमीपेक्षा बराच चढलेला असेल तेव्हा ऑप्शन विकत घेणं जड जातं.

आकार ठरवताना मार्जिनकडे नको, कराराच्या पूर्ण किमतीकडे बघा. अंक गुणिले गुणक (करारात एका अंकाचे किती पैसे धरतात तो आकडा) हा खरा सौदा. मार्जिन ही त्यातली लहानशी अनामत.

हातातल्या शेअर्सना संरक्षण द्यायचं असेल तर फ्युचर विकल्याने घसरण आणि वाढ दोन्ही थांबतात. पुट घेतल्याने प्रीमियम जातो, पण वाढ आपलीच राहते.

आणि ऑप्शन विकणं ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे विमा कंपनी आपण असतो. ब्रिटनच्या बेअरिंग्ज बँकेचा सौदे करणारा कर्मचारी निक लीसन याने जपानच्या निक्केई निर्देशांकावर कॉल आणि पुट दोन्ही विकले होते, शिवाय फ्युचर घेतले होते. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधल्या कोबेत भूकंप झाला, बाजार कोसळला आणि एकूण तोटा सुमारे ८२.७ कोटी पौंडांवर गेल्यावर १७६२ पासूनची ती बँक बुडाली. नवख्याने उघडा, म्हणजे मागे कसलंही संरक्षण नसलेला, ऑप्शन विकूच नये.

शेवटी बाहेर पडायची जागा आधीच लिहून ठेवा. फ्युचरसाठी तो एक अंक असतो. कॉलसाठी अंकाबरोबर तारीखही लिहा: अमुक दिवसापर्यंत चाल आली नाही तर उरलेला प्रीमियम घेऊन निघायचं.