कागद निम्म्यात थांबवा, ड्रम बघा

राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जुलैत पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की गिऱ्हाईक हमखास येतं, "ताई, लेझर प्रिंटरची प्रिंट फिकट येतीय, कार्ट्रिज भरून द्या." मी लगेच भरत नाही. चित्र नक्की कुठं बिघडतंय ते आधी बघते. घरी तुम्हालाही जमेल.

प्रिंट द्या. कागद निम्मा आत गेला की झाकण उघडा, कार्ट्रिज काढा आणि त्यातल्या ड्रमवरची, म्हणजे गुळगुळीत नळकांड्यावरची, झडप अलगद उचला. दोन-तीन ओळी उलट्या अक्षरांत दिसतील, आरशात दिसतात तशा. ही टोनरची कोरडी पावडर आहे, फुंकर मारली तरी विस्कटेल. ड्रमला बोट लावू नका, उजेडातही फार वेळ धरू नका.

ही अक्षरं उमटतात कशी? चार्ज रोलर ड्रमभर ऋण भार चढवतो, साधारण उणे 600 व्होल्ट. लेझर पडतो तिथला भार उतरून उणे शंभराच्या आसपास येतो. टोनरचे कणही ऋण भाराचेच. भारलेला भाग त्यांना जवळ येऊ देत नाही, म्हणून मॅग्नेटिक रोलरवरची पावडर लेझरनं मोकळ्या केलेल्या जागेत जाऊन बसते. मग ट्रान्सफर रोलर कागदामागून धन भार देऊन ती ओढून घेतो आणि फ्यूजर तापवून, दाबून पक्की करतो.

आता ड्रमवरच अक्षरं फिकट असतील तर बहुधा टोनर संपत आलाय. ड्रमवर ठळक आणि कागदावर फिकट असतील, तर पावसाळ्यात माझा पहिला संशय कागदावर. दमट कागदात भार टिकत नाही, झिरपून जातो. कोरडी रिम घालून बघा, उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. अक्षरं ठळक असूनही बोटानं पुसली जात असतील तर फ्यूजर तपासा.

ठिपके ठरावीक अंतरावर येत असतील तर पट्टी लावा. लहान प्रिंटरमधला नेहमीचा ड्रम 24 मिलिमीटर व्यासाचा, घेर सुमारे 75. तेवढ्या अंतरावर ठिपका म्हणजे ड्रमवर ओरखडा. गेल्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी प्रबंध घेऊन रडवेली होऊन आली होती. दुसरीकडं तिला नवा ड्रम घ्यायला सांगितलं होतं. मी मोजलं तर 38 भरले, म्हणजे चार्ज रोलर. किंचित ओल्या मऊ फडक्यानं पुसला, वाळू दिला. ठिपके गेले.

हातावर पावडर सांडली तर गार पाण्यानंच धुवा. गरम पाण्यानं ती चिकटते.