डोंगरात आयुष्य गेलंय? मग साठीनंतर या चुका टाळा

रविवारी पहाटे ठाणे स्टेशनवर कसारा लोकलसाठी थांबलेल्या सॅकवाल्यांमध्ये हल्ली पांढरी डोकी बरीच दिसतात. मुंब्र्याच्या कातळावर बोटं सोलून घेतलेली, नागफणीच्या कड्यावरून रॅपलिंग करत, म्हणजे दोराने, उतरलेली, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड गाठलेली ही पिढी आता साठी-पासष्टीत आहे. यांना ‘रोज चालत जा, लिफ्ट टाळा’ असं सांगण्यात काही अर्थ नाही. यांच्या चुका वेगळ्या.

जन्मभर खुर्चीत बसलेला माणूस साठीत डोंगरावर गेला तर जपून जातो. घाबरतो, थांबतो, परत फिरतो. मुरलेल्या डोंगरवाल्याला पाऊल कुठे टाकायचं, दम कसा राखायचा हे विचारही न करता जमतं. त्यामुळे शरीर कमी पडायला लागलं तरी बरीच वर्षं ते त्याच्या लक्षातच येत नाही. कसब सांभाळून घेतं. मग एखाद्या दिवशी उतरताना, दुपारी तीनच्या उन्हात, पाणी संपलेलं असताना सगळं एकदम उघडं पडतं.

चढ जमला म्हणजे ट्रेक जमला, असं धरू नका

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. चढताना लागतो दम, आणि नियमित चालणाऱ्याचा दम साठीतही चांगला राहतो. उतरताना मामला वेगळा. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलत असतो, ब्रेक लावल्यासारखा. हे काम स्नायूला जास्त झिजवतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी बोंब होते ती त्याचीच. शिवाय वयानुसार स्नायूंची ताकद जेवढी घटते त्यापेक्षा त्यांचा झटका, म्हणजे क्षणात जोर लावायची क्षमता, लवकर घटते. पाय घसरला की सावरायला हाच झटका लागतो. तिशीत घसाऱ्यावर पाय सटकला तर तुम्ही दुसरा पाय टाकून हसत पुढे जात होता. आता मेंदू तेच सांगतो, पाय थोडा उशिरा पोचतो.

यात आपल्या ठाणे-मुंबई भागाची एक खोच आहे. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याची उंची सुमारे ८५० मीटर. आकडा ऐकून नाशिककडचे लोक हसतील. पण कोकणच्या बाजूला पायथा समुद्रसपाटीपासून फारसा वर नसतो, त्यामुळे आकड्यात दिसते ती जवळजवळ सगळी उंची पायांनी चढायची आणि पायांनीच उतरायची असते. शिवाय दमट हवा. चंदेरी, प्रबळगड, इर्शाळ सगळीकडे हेच.

ठाण्यातल्या कचराळी तलावाला कितीही फेऱ्या मारल्या तरी त्याने माहुलीच्या उताराची तयारी होत नाही. उताराची तयारी उतरूनच होते. बिल्डिंगचा जिना चार मजले सावकाश उतरायचा, प्रत्येक पायरीला मनात तीन मोजत, कठड्याला हात न लावता, पण हात कठड्याजवळ ठेवून. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, टाचा उचलणं, दात घासताना एका पायावर उभं राहणं. दहा सेकंदही एका पायावर राहता येत नसेल तर अरुंद आडव्या वाटांचे बेत सध्या बाजूला ठेवा आणि आधी तेवढंच काम करा. जिममध्ये आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं हे या वयात फॅड नाही, गरज आहे. नव्वदीतल्या माणसांचे स्नायूही व्यायामाने बळकट होतात, तेव्हा ‘आता काय उपयोग’ हे कारण चालणार नाही.

जेवणातल्या प्रथिनांकडेही बघा. साठीनंतर शरीराच्या दर किलोमागे दिवसाला निदान एक ग्रॅम प्रथिनं लागतात, थोडी जास्तच. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री मऊ भात असा दिवस गेला तर हा हिशोब काही जमत नाही. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आणि काठ्या वापरा. दोन. ‘काठी म्हाताऱ्यांना’ असं म्हणणारे चाळिशीतच गुडघे धरून बसलेले मी पाहिलेत. उतरताना काठीची लांबी थोडी वाढवायची असते, हे मात्र बरेच जण विसरतात.

एमआरआय बघून घरी बसू नका

ही उलट्या टोकाची चूक. गुडघा दुखला, एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये ‘मेनिस्कस टेअर’ (गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटणं), ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ असं वाचलं, आणि सॅक माळ्यावर गेली. साठीच्या माणसाचा गुडघा आतून बघितला की त्यात काही ना काही निघतंच. अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यातही फाटलेला मेनिस्कस दिसतो. रिपोर्टपेक्षा गुडघा काय करतो ते महत्त्वाचं. वाकवताना मध्येच अडकतोय, चालताना अचानक दगा देतोय, दर वेळी टम्म सुजतोय, रात्री झोपेतही ठणकतोय, तर ऑर्थोपेडिककडे जायलाच हवं. फिरून आल्यावर दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झालं तर तेवढं चालतं. दोन दिवस उलटूनही कुरकुर राहिली तर पुढच्या वेळी अंतर किंवा उतार कमी करा, शून्य करू नका. या वयात दोन आठवडे अंथरुणाला खिळलं तर गेलेले स्नायू परत मिळवायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

ट्रेकआधी ‘एक पेनकिलर टाकून’ निघू नका

ही सवय इतकी पसरली आहे की तिच्याबद्दल कुणाला काही वाटेनासं झालंय. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायची आणि निघायचं, म्हणजे गुडघा बोलत नाही. गुडघा बोलत नाही हीच पहिली अडचण, कारण कुठे थांबायचं हे तोच सांगत असतो. दुसरी अडचण त्याहून मोठी.

आपल्या वयाच्या बऱ्याच लोकांच्या खिशात ब्लड प्रेशरची गोळी असते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, आणि पुष्कळदा त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषधही, क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड. पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचलं तर कळेल. यातलं प्रत्येक औषध आपापल्या जागी ठीक आहे. पण ही दोन आणि वर पेनकिलर, असं त्रिकूट एकत्र आलं, त्यात मे महिन्याच्या घामाने शरीरातलं पाणी गेलं, की किडनीचा रक्तपुरवठा घटतो आणि ती अचानक काम करेनाशी होऊ शकते. दुखत काही नाही. लघवी कमी होते, गडद होते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो ऊन लागलं.

त्यात वय वाढलं की तहान उशिरा आणि कमी लागते. ‘मला तहानच लागत नाही, सवय आहे’ असं अभिमानाने सांगणाऱ्या जुन्या लीडरकडे म्हणून जरा लक्ष ठेवा. पाणी ठरवून, थोडं थोडं प्यायचं. मात्र नुसतं पाणीच ढोसत राहणंही चुकीचं, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. सोबत ओआरएसची पाकिटं आणि काहीतरी खारं ठेवा.

बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ट्रेकच्या दिवशी काय करायचं, दुखलंच तर कोणती गोळी चालेल, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. किडनीच्या दृष्टीने पॅरासिटामॉल सहसा जास्त सुरक्षित. डायबेटीसवाल्यांनी आणखी एक विचारायचं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर ट्रेकच्या मध्येच नव्हे, घरी आल्यावर रात्रीही उतरू शकते.

छातीतल्या ‘गॅस’वर स्वतः निदान करू नका

‘एवढं चालतो, मला काय होतंय?’ व्यायामाने हृदयाचा धोका घटतो, संपत नाही. विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. ठाण्याच्या येऊरची तीच चढण, तोच वेग, आणि महिन्याभरापूर्वीपेक्षा दम जास्त लागतोय, जबडा किंवा खांदा भरून येतोय, थांबल्यावर बरं वाटतंय, तर ते ॲसिडिटी समजून जेलुसिल घेऊन पुढे जायचं नाही. त्याच आठवड्यात कार्डिओलॉजिस्टकडे जा. थांबल्यावरही थांबत नसेल तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा. डायबेटीस असेल तर छातीत न दुखताही हे होऊ शकतं.

मनगटावरच्या घड्याळावर फार विसंबू नका. २२० वजा वय हा आकडा सरासरीचा आहे, माणसामाणसांत त्यात दहा-बाराचा फरक सहज पडतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत, आणि घड्याळ ‘मस्त चाललंय’ म्हणत राहतं. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही जुनी चाचणी अजूनही बरी.

चालायचा चष्मा वेगळा ठेवा

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचायचा असतो. उतरताना आपण पायाकडे बघतो ते नेमकं त्याच भागातून, आणि पायरीची कड पुसट होते. कड एक बोट पुढे दिसते, पाऊल हवेत पडतं. दोष गुडघ्याला दिला जातो. फक्त लांबचा नंबर असलेला साधा चष्मा करून घ्या, तो डोंगरासाठी. पहाटे टॉर्चच्या उजेडात समोरच्याचा दिवा डोळ्यांत पसरायला लागला असेल तर मोतीबिंदू तपासून घ्या.

डोकं आपटलं तर ‘काही नाही, खोक पडली’ म्हणू नका

रक्त पातळ ठेवणारी औषधं, म्हणजे क्लोपिडोग्रेल, ॲपिक्साबॅन वगैरे, चालू असतील तर डोक्याला बसलेला मार किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सीटी स्कॅन लागेल का ते डॉक्टर ठरवतील. ही औषधं नसली तरी या वयात कवटीच्या आत रक्त हळूहळू साठू शकतं आणि त्याचा त्रास तीन-चार आठवड्यांनी दिसतो. डोकेदुखी, तोल जाणं, विसरभोळेपणा, एक हात ढिला पडणं. तोवर आपटल्याचं घरच्यांच्याही लक्षात राहिलेलं नसतं. म्हणून घरी सांगा. डोंगरातली पडझड घरी न सांगण्याची आपली जुनी खोड आहे, ती आता सोडायची.

मिउरांचं नाव घेऊन बेत आखू नका

जपानचे युइचिरो मिउरा यांनी २०१३ मध्ये ८०व्या वर्षी एव्हरेस्ट सर केलं, हे व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी फिरतं. त्याआधी ७०व्या आणि ७५व्या वर्षीही ते वर गेले होते, मागे मोठी टीम होती, आणि ८०व्या वर्षी उतरताना शेवटचा टप्पा हेलिकॉप्टरने झाला, हे फिरत नाही. २००८ मध्ये ७६व्या वर्षी शिखर गाठलेले नेपाळचे मिन बहादूर शेरचन, सर्वांत वयस्कर एव्हरेस्टवीराचा विक्रम परत मिळवायला २०१७ मध्ये ८५व्या वर्षी गेले आणि बेस कॅम्पवरच वारले. दोघंही मोठी माणसं. पण आपला बेत आपल्या मागच्या सहा महिन्यांवरून ठरवावा, कुणाच्या विक्रमावरून नाही, आणि स्वतःच्या १९८८ सालच्या फोटोवरून तर मुळीच नाही. हिमालयात जायला वयाची आडकाठी तेवढी नसते, घाईची असते. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. आठ दिवसांत उरकणारं पॅकेज स्वस्त असलं तरी नको.

विम्याची पॉलिसी न वाचता फी घेऊन ग्रुप नेऊ नका

निवृत्तीनंतर बरेच जण शनिवार-रविवारी मानधन घेऊन ट्रेक नेतात. मेडिक्लेमच्या नेहमीच्या अटींमध्ये साहसी खेळांचं कलम असतं, आणि त्यात प्रस्तरारोहण, गिर्यारोहण यांमध्ये ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यास खर्च मिळणार नाही असं लिहिलेलं असतं. हौशी माणसाला हे कलम सहसा लागू होत नाही, पण फी घेतलीत की प्रश्न उभा राहतो. अपघात विम्याच्या अटी आणखी वेगळ्या. एजंटला तोंडी विचारू नका, लेखी उत्तर मागा.

माळ्यावरचं सामान तसंच उचलून निघू नका

माहुलीच्या शिडीच्या अलीकडे एकाच्या बुटाचा तळवा निघालेला मी जवळून बघितला. महागडे बूट, मोजून काही वेळा घातलेले, बाकी सगळी वर्षं खोक्यात. आधी टाचेपाशी फट, मग तळव्याच्या आतला थर बिस्किटासारखा भुगा होऊन वाटेवर सांडायला लागला. दुसऱ्या बुटाचंही तेच. बुटाच्या नाडीने आणि चिकटपट्टीने बांधून त्याला खाली आणला, उतरायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. या थरातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतं, आणि ठाण्या-वाशीच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. न वापरलेले बूट लवकर जातात, वापरातले त्या मानाने टिकतात. निघायच्या आठवडाभर आधी अंगठ्याने थर दाबून बघा, बारीक चिरा किंवा भुगा दिसला तर टाकून द्या. नाहीतर निदान जिन्यावर चार दिवस घालून चालून बघा.

दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), स्लिंग (नायलॉनच्या पट्टीचा फास) यांचंही तसंच. नायलॉन वापरलं नाही तरी म्हातारं होतं, आणि बहुतेक कंपन्या बनवल्या तारखेपासून दहा वर्षं ही कमाल मर्यादा देतात. हार्नेसच्या आत शिवलेल्या लेबलवर साल असतं. नव्वदच्या दशकातला दोर जपून ठेवलाय म्हणून तो पुतण्याला किंवा कॉलेजच्या पोरांना कौतुकाने देऊ नका, ते त्यावर खरंच लटकतील. आठवण म्हणून ठेवायचा असेल तर आधी कात्रीने दोन-दोन मीटरचे तुकडे करा.