जुन्या रोल्स-रॉइस, बेंटलीचा इतिहास शोधताना या चुका टाळा

जुन्या ब्रिटिश गाडीबरोबर एखादी गोष्ट हमखास येते. अमक्या संस्थानिकाने मागवली होती, तमक्या शर्यतीत धावली होती. बहुतेक जण ती गोष्ट खरी धरतात आणि मग तिला जुळणारे कागद शोधत बसतात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आधी चॅसिस (म्हणजे बॉडीखालचा सांगाडा) आणि तिच्यावरचा नंबर बघा, मग तारखा, आणि गोष्टीकडे सगळ्यात शेवटी वळा.

तारखा न जुळवता गोष्ट मान्य करणं

मार्च १९३० मध्ये बेंटली मोटर्सचा अध्यक्ष वुल्फ बार्नाटो याने पैज लावली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कानहून निघणारी 'ब्लू ट्रेन' ही आगगाडी उत्तर किनाऱ्यावरच्या कॅलेला पोहोचायच्या आत आपण मोटारीने लंडन गाठू, असं त्याचं म्हणणं. तो बेंटलीचं स्पीड सिक्स मॉडेल घेऊन निघाला आणि ट्रेन कॅले स्टेशनात लागायला चार मिनिटं असताना लंडनच्या आपल्या क्लबात हजर झाला. त्यानंतर कित्येक दशकं 'ब्लू ट्रेन बेंटली' म्हणून लोक गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने बांधलेल्या, मागे उतरत जाणाऱ्या छपराच्या देखण्या कूपेकडे बोट दाखवत. शर्यतीच्या चित्रातसुद्धा तीच रंगवली गेली. पण ती कूपे बार्नाटोला मिळाली मे महिन्यात आणि पैज होती मार्चमधली. त्या रात्री तो चालवत होता ती एच. जे. मुलिनर या दुसऱ्या कंपनीने बांधलेली साधी चार दारांची सलून. कूपे खरी होती, स्पीड सिक्सच होती, बार्नाटोचीच होती, म्हणून तर कुणाला शंका आली नाही. नुसत्या दोन तारखा शेजारी लिहिल्या असत्या तरी उलगडा झाला असता.

मात्र तारखा जुळवतानाही एक गफलत होते. त्या काळच्या गाडीला किमान तीन तारखा असतात: चॅसिस कारखान्यातून तपासून निघाली ती, बॉडी बांधून गाडी मालकाच्या हाती आली ती, आणि सरकारी नोंदणीची. मध्ये काही महिने जाणं अगदी नेहमीचं. १९२९ ची चॅसिस १९३० मध्ये नोंदलेली दिसली तर लगेच खोटेपणाचा संशय घेऊ नका.

बॉडीलाच गाडी समजणं

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस फक्त चॅसिस विकायची. बॉडी बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली असे कोचबिल्डर बांधत. त्यामुळे बॉडी उतरवून दुसरी चढवणं हे त्या काळी रंग बदलण्याइतकं नाही, तरी सहज होई. जुन्या झालेल्या अवजड लिमोझिनच्या शववाहिका झाल्या, टोइंगच्या गाड्या झाल्या आणि पुढे किंमत वाढल्यावर त्याच चॅसिसवर नव्या उघड्या टूरर बॉडी बसल्या. दाराच्या उंबरठ्यावरची कोचबिल्डरच्या नावाची पट्टी फक्त बॉडीबद्दल बोलते. खाली कोणती चॅसिस आहे, हे तिला ठाऊक नसतं.

इंजिनचा नंबर आणि चॅसिसचा नंबर यांतही घोळ करू नका, ते वेगळे असतात. बेंटलीत तर गिअरबॉक्स आणि अॅक्सललाही आपापले नंबर असतात. सगळे टिपून घ्या.

इंजिनमागच्या बल्कहेडवरची, म्हणजे आडव्या पत्र्यावरची, पाटी वाचून थांबणारे खूप. मी १९२० च्या दशकातल्या एका गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा पाटीचे रिव्हेट नवेकोरे, कडा धारदार, आणि भोवतालचा पत्रा तेलाने काळवंडलेला. पाटीच्या बाहेर रंगात आणखी एक चौकट उमटलेली होती, आधीच्या थोड्या मोठ्या पाटीची. मनात पाल चुकचुकली. मग रॉकेलच्या फडक्याने चॅसिसवरचं ग्रीसचं पुट काढलं आणि टॉर्च आडवा धरला. ठोकलेले आकडे सावलीत एकेक करून उठून दिसले आणि ते पाटीशी जुळत होते. पाटी कधीतरी बदलली होती, गाडी तीच होती. टॉर्च समोरून मारला असता तर काहीच दिसलं नसतं.

नंबरप्लेटवर भिस्त ठेवणं

ब्रिटनमध्ये १९०४ पासून गाड्यांची नोंद स्थानिक काउंटी आणि बरो कौन्सिलकडे होई. १९७० च्या दशकात हे काम वेल्समधल्या स्वॉन्झीच्या सरकारी कार्यालयात एकत्र झालं आणि कौन्सिलांची कितीतरी जुनी रजिस्टरं नष्ट झाली. १९८३ पर्यंत संगणकावर न चढलेल्या गाड्यांचे मूळ नंबर गेले, ते परत मिळवायला आजही पुरावे द्यावे लागतात. शिवाय तिथे नंबर एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो. म्हणून नंबर बदललेला असणं हा दोष नाही आणि जुना नंबर असणं हा पुरावा नाही. वाचलेली बरीच रजिस्टरं ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे आहेत.

खरा आधार चॅसिस कार्डांचा, म्हणजे कारखान्याने प्रत्येक चॅसिसच्या ठेवलेल्या नोंदींचा. डर्बी आणि क्रू इथे बनलेल्या गाड्यांची कारखान्यातली कागदपत्रं नॉर्दम्प्टनशरमधल्या पॉलर्सप्युरीच्या हंट हाउसमध्ये जपलेली आहेत आणि चॅसिस नंबर दिला की प्रती मागवता येतात. गाडी परदेशी पाठवलेली असेल तर कधीकधी जहाजाचं नाव आणि बंदरसुद्धा त्यात सापडतं.

आपल्याकडच्या गाड्यांना हे फार उपयोगी. 'महाराजांची गाडी' म्हटलं की किंमत वाढते, त्यामुळे हे बिरूद सढळ हाताने लावलं जातं. रोल्स-रॉइसमधून कचरा वाहून नेल्याची गोष्ट अलवरच्या राजाच्या नावावर सांगतात, तीच पतियाळा आणि भरतपूरच्याही. एकच प्रसंग इतक्या ठिकाणी ऐकू आला की समजावं, हा कागदावरचा इतिहास नाही. आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नव्याने नोंदणी करताना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. त्या गडबडीत जुनं आरसी बुक, कर भरल्याच्या पावत्या, विम्याचे कागद रद्दीत जाऊ देऊ नका. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांचा तोच एक धागा असतो.

कागदाची भाषा न वाचणं

१९२५ मध्ये आलेल्या मॉडेलला रोल्स-रॉइस कंपनी 'न्यू फँटम' म्हणत होती. १९२९ मध्ये फँटम टू आली तेव्हा कुठे आधीची 'फँटम वन' ठरली. तेव्हा १९२६ च्या म्हणून दाखवलेल्या पत्रात 'फँटम वन' असेल, तर ते पत्र नंतर लिहिलेलं आहे. फोटोंचंही तसंच. त्या काळच्या पुष्कळ फिल्मला लाल रंग दिसत नसे, तो काळाच उमटे. कृष्णधवल फोटोवरून मूळ रंग ठरवून लाखोंचं रंगकाम करू नका.

'ओरिजिनल' हा शब्द सैल वापरणं

'ओल्ड नंबर वन' या स्पीड सिक्सने १९२९ आणि १९३० ची फ्रान्समधली ल माँ शर्यत जिंकली. १९३२ मध्ये आठ लिटरचं इंजिन बसवून ती इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर उतरली आणि अपघातात चालक क्लाइव्ह डनफी गेला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये १ कोटी पौंडांचा सौदा ठरला, पण ही खरी ओल्ड नंबर वन नव्हेच असं म्हणून खरेदीदार मागे हटला. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. न्यायमूर्ती ओटन यांनी एकेक भाग तपासला. १९३० च्या गाडीतलं उरलं होतं ते पेडल शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम. १९३२ च्या गाडीतलं मात्र बरंच होतं. मूळ भाग उरले नसले तरी ही गाडी कधीच नाहीशी झाली नाही, बदलत बदलत सलग राहिली, म्हणून ती अस्सल, असा निकाल त्यांनी दिला.

तुमच्या गाडीचीही अशीच यादी करा. चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, बॉडी, प्रत्येकापुढे वर्ष आणि ते कशावरून ठरवलं तो कागद. मधली वर्षं सापडली नाहीत तर तेवढी जागा कोरी सोडा आणि 'नोंद नाही' असं लिहा.