आधी बुश बघा, मग बार लावा
जुन्या बलेनो अल्टुरासारख्या स्टेशन वॅगनला स्ट्रट बार (बॉनेटखाली दोन्ही बाजूंचे शॉकअपचे टॉवर जोडणारा आडवा दांडा) लावायचाय ना, मग आधी बॉनेट उघडून शॉकअपच्या टॉवरची, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं त्या पत्र्याची कडा स्क्रू ड्रायव्हरने जरा टोचून बघा, आपल्याकडे कोकणात खारा वारा आणि चार महिने पाऊस, वरून रंग चकचकीत आणि खाली पत्र्याचा पापड झालेला असतो, तिथे बार लावून काय उपयोग. पत्रा ठीक असेल तर पहिला खर्च लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशवर आणि चांगल्या शॉकअपवर, बार सगळ्यात शेवटी. आणि हे मेकॅनिककडे उभं राहून करून घ्या, बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना फायनल टाईट करायचे नाहीत, चाकं जमिनीवर टेकवून वजन आल्यावरच, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी एकदा घाई केली, पावसाळा संपायच्या आत कटकट परत सुरू. मागे जरा जाड अँटी रोल बार (वळणावर गाडी कलणं कमी करणारा दांडा) टाकला की आंबा घाटाच्या वळणांना गाडीचं नाक वळणाच्या बाहेर पळायचं कमी होतं, पण ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटू शकते म्हणून अती जाड नको. गाडी खाली करायच्या भानगडीत तर पडूच नका, वाडीतल्या जांभ्याच्या चढावर पोट घासेल. शेवटी चाकांची अलाइनमेंट मात्र न चुकता.