महागड्या एसयूव्हीत पिकअप घेताना इंजिन घुमतंय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात दादाची तीन लिटर, सहा सिलिंडरची डिझेल एसयूव्ही घेऊन आम्ही मुंबईहून पुण्याला निघालो होतो. खोपोली मागे पडली, बोरघाटाचा चढ लागला आणि गाडीत घुमारा सुरू झाला. आरपीएमचा काटा १,८०० च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला, की कानात दडे बसावेत तसा जड ‘हूंऽऽ’. पाय सैल केला की गायब. सर्व्हिस सेंटरमध्ये एक चक्कर मारून निदान झालं, इंजिनची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, गेली आहेत. ती बदलली, बिल भरलं, आणि पुढच्या रविवारी त्याच चढावर तोच घुमारा.

त्यानंतर दोन महिने या आवाजाच्या मागे लागलो. त्या काळात आमच्या हातून झालेल्या चुका, आणि इतर मालक करताना पाहिल्या त्या चुका, इथे लिहितो आहे. पैसे तर जातातच. पण एवढी गाडी घेतल्यावर रोजच्या प्रवासात डोकं दुखावं, याचं वाईट जास्त वाटतं.

आवाजाला आधीच नाव देऊन टाकू नका

‘इंजिनचा आवाज येतो’ असं सांगितलं की मेकॅनिक बॉनेट उघडतो, आणि तिथून पुढे सगळा शोध बॉनेटखालीच चालतो. म्हणून आधी आवाज कशाला बांधलेला आहे ते पाहा. आरपीएमला, गाडीच्या वेगाला, की इंजिनवर येणाऱ्या लोडला? हे तुमचं तुम्हाला, एकही स्क्रू न काढता कळू शकतं.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने गाडी एकसारखी चालवा आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलने किंवा मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या. वेग तोच राहिला, आरपीएम वाढला. आवाजही वर चढला तर तो इंजिन, हवेचा मार्ग, सायलेन्सर किंवा बेल्टवर फिरणाऱ्या भागांचा आहे. आवाजात काहीच फरक पडला नाही तर इंजिनला दोष देऊ नका. टायर, व्हील बेअरिंग, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) किंवा वारा, यांपैकी काहीतरी बोलतंय. बेअरिंगची घरघर वळणावर कमी-जास्त होते, टायरची डांबरावरून काँक्रीटवर आलं की बदलते. हीच चाचणी कोणी गाडी न्यूट्रलला टाकून करायला सांगतात. चालत्या ऑटोमॅटिक गाडीत, तेही उतारावर, हे अजिबात करू नका.

मग गाडी मोकळ्या जागी उभी करा, पी गिअरमध्ये ठेवून पार्किंग ब्रेक लावा आणि ज्या आरपीएमवर तक्रार आहे तिथपर्यंत हळूच रेस द्या. उभ्या गाडीतही तो आवाज आला तर कारण फिरणाऱ्या भागांत शोधायचं. उभ्या गाडीत शांतता आणि चढावर घुमारा, असं असेल तर लोड आल्यावर काहीतरी सरकतंय, टेकतंय किंवा गळतंय. आमची गाडी या दुसऱ्या प्रकारातली होती. हे आम्ही आधी पाहिलं असतं तर पुढचा खर्च बहुधा टळला असता.

स्पीकरमधून येणारा आवाज इंजिनचा समजू नका

साध्या गाडीत हा प्रश्न सहसा येत नाही, महागड्या गाडीत हमखास येतो. केबिन इतकी शांत केलेली असते की कंपन्या इंजिनचा आवाज पुन्हा आत आणतात. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये तो स्पीकरमधून दिला, पुढे तो इतर मॉडेलांतही आला. फोक्सवॅगनने काही गाड्यांत समोरच्या काचेच्या खाली थरथरणारं एक छोटं यंत्र बसवलं, त्याच्या कंपनांनी आवाज केबिनमध्ये पोहोचतो. ऑडीच्या एसक्यू५ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या बाजूलाच आवाज भरणारं यंत्र होतं.

त्यामुळे आधी ड्राइव्ह मोड बघा. गाडी स्पोर्टमध्ये राहिली असेल तर गिअर उशिरा बदलतात आणि हा तयार केलेला आवाजही वाढतो. बऱ्याच गाड्यांत ‘इंडिव्हिज्युअल’ मोडमध्ये इंजिन साउंड वेगळा कमी करता येतो. तो कमी करून तोच रस्ता पुन्हा चालवा. तक्रार तिथेच मिटली तर फारच बरं.

याच्या उलट काम करणारी यंत्रणाही असते. छताच्या अस्तरात छोटे माइक बसवलेले असतात. इंजिनचा खोल आवाज ते ऐकतात आणि स्पीकर त्याच्या नेमकी उलटी लहर सोडून तो दाबतात. ऑडिओ बंद असला तरी बहुतेक गाड्यांत हे चालूच राहतं. आता मालकाने बाहेरून ॲम्प्लिफायर किंवा सबवूफर बसवला, एखादा स्पीकर फाटला किंवा अस्तराचं काम करताना माइक झाकला गेला, तर उलटी लहर चुकीची जाते. मग दाबण्याऐवजी तीच घुमायला लागते. पिकअप घेताना घुमणाऱ्या गाडीत बाहेरचं ऑडिओ फिटिंग असेल तर मी पहिला संशय त्यावर घेतो. तपासणीपुरती ही यंत्रणा स्कॅनरवरून बंद करून पाहायला सांगा. अंदाजाने फ्यूज उपटू नका, त्याच फ्यूजवर दुसरं काय आहे ते आपल्याला माहीत नसतं.

रेसबरोबर चढणारी बारीक, मच्छरासारखी ‘ईंऽऽ’ वेगळी. डॅशकॅम किंवा ॲम्प्लिफायरचं अर्थिंग नीट नसलं की अल्टरनेटरचा गोंधळ स्पीकरमध्ये उतरतो. ते उपकरण उपटून ठेवल्यावर शिट्टी थांबली, की इंजिनला हात लावायचं कारण उरत नाही.

‘कधीपासून?’ हा प्रश्न टाळू नका

आवाज सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात गाडीला कोणाचा हात लागला होता, याची यादी करा. यात चालढकल नको, कारण निम्मं निदान इथेच होतं.

ऑइल बदलताना खालचं अंडरकव्हर उतरवतात. परत लावताना दोन क्लिपा तुटल्या, एक बोल्ट राहिला, की ते पत्र्याला थडकतं आणि इंजिनचा आवाज खालून मोकाट बाहेर पडतो. आपल्याकडचे उंच स्पीड ब्रेकरही त्याला सोडत नाहीत. एअर फिल्टर बदलताना डबा नीट बसला नाही तर दाबून रेस दिल्यावर हवा ओढल्याचा घोगरा आवाज आत येतो. इंजिनवरचं जाड फोमचं कव्हर शोभेचं नाही, ते आवाज गिळायला असतं. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टीही त्याचसाठी.

नंतर केलेलं वायरिंगही तपासा. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून वायर आत घेताना मूळ रबरी ग्रोमेटला (पत्र्यातलं भोक बंद ठेवणाऱ्या बुचाला) भोक पाडतात आणि ते तसंच सोडून देतात. हाताच्या बोटाएवढ्या फटीतून किती आवाज येतो, ते ऐकल्याशिवाय पटत नाही. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि तिथलं मऊ अस्तर कुरतडून घरटं करतात. ते एकदा टॉर्च मारून बघाच.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. एक्सप्रेसवेवर खडा उडाला, काच तडकली आणि इन्शुरन्समधून नवी बसवली. अनेक महागड्या गाड्यांच्या मूळ काचेत आवाज कमी करणारा खास थर असतो. काचेच्या कोपऱ्यात तशी खूण किंवा कानाचं चित्र असतं. बदलून आलेली काच साधी असेल तर वारा आणि डिझेलची वरच्या पट्टीतली खटखट, दोन्ही वाढतात.

फाउंडेशन गेलं म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय बदलू नका

फाउंडेशन खराब झालं की ते आधी उभ्या गाडीत कळतं. सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून थांबल्यावर, एसी चालू असताना, स्टिअरिंग आणि सीट थरथरतात. डी मधून आर मध्ये टाकताना धक्का बसतो. बऱ्याच महागड्या गाड्यांत फाउंडेशनमध्ये तेल असतं. ते फुटलं तर खाली काळा, ओला डाग दिसतो. काही गाड्यांत ते व्हॅक्यूमने किंवा विजेने मऊ-कडक होतं. तिथे आधी व्हॅक्यूमची नळी आणि कनेक्शन बघायचं, भाग नंतर. आमच्या गाडीत यातलं एकही लक्षण नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही.

खरोखर बदलावंच लागलं तर एक सांगून ठेवा. नवं फाउंडेशन बसवल्यावर इंजिन आपल्या जागी मोकळेपणी बसू द्यायचं आणि मगच बोल्ट शेवटचे आवळायचे. ताणात आवळलेलं नवं रबरही आवाज आत पाठवतं.

डॅम्पिंग शीट हा पहिला उपाय नाही

दारांना आणि फ्लोअरला ही कंपनं दाबणारी चिकट शीट मारून गाडी शांत होते, अशी जाहिरात सगळीकडे दिसते. टायरचा आवाज आणि पत्र्याची खणखण यांवर तिचा उपयोग होतोही. पण पिकअपच्या वेळचा खोल घुमारा बहुतेक वेळा हवेतून येत नाही. तो फाउंडेशन, चासिस, सायलेन्सरचे लटकण अशा वाटेने पत्र्यातून चालत येतो. ती वाट न तोडता दारांना शीट मारली तर वरचे बारीक आवाज कमी होतात आणि घुमारा उलट जास्त उठून दिसतो. शिवाय स्वस्त डांबरी शीट उन्हात वास मारते.

सगळेच आवाज बिघाडाचे नसतात, पण काहींना थांबायला वेळ नसतो

नवी डिझेल गाडी अधूनमधून डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करण्यासाठी त्यातली काजळी जाळते. त्या वेळी उभ्या गाडीतला आरपीएम थोडा वाढतो, पंखा जोरात फिरतो, आवाज जाड होतो. मध्येच गाडी बंद करण्यापेक्षा थोडं चालवून ते पूर्ण होऊ द्या. अनेक हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाड्यांत इंजिनचा आरपीएम गाडीच्या वेगाशी बांधलेला नसतो. शांत चाललेल्या गाडीत ते अचानक वरच्या पट्टीत जागं होतं आणि दणका मोठा वाटतो.

थंड इंजिनला पिकअप देताना टकटक येत असेल आणि गरम झाल्यावर ती कमी होत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपांचं, पॅकिंग फुटल्याची शक्यता असते. हे पुढच्या सर्व्हिसपर्यंत ढकलू नका. केबिनची हवा समोरच्या काचेच्या पायथ्यातून, म्हणजे इंजिनच्या अगदी मागून, आत येते. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रेस दिल्यावर ‘स्सूऽऽ’ आवाज, ताकद कमी आणि मागे काळा धूर, असं एकत्र असेल तर टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचा) पाइप सुटला किंवा फाटला असण्याची शक्यता असते. पेट्रोल गाडी चढावर डब्यात खडे हलवल्यासारखी वाजत असेल तर इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेन (पेट्रोलच्या दर्जाचा आकडा) आणि तुम्ही भरता ते पेट्रोल जुळतंय का बघा. जुळत असूनही वाजत असेल तर गाडी ताबडतोब दाखवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये ‘आवाज येतो’ एवढंच लिहून देऊ नका

जॉब कार्डवर लिहून घ्या: किती आरपीएमला, कोणत्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीला, इंजिन थंड असताना की गरम. फोनवरचं फ्रीक्वेन्सी दाखवणारं ॲपही उपयोगी पडतं. हिशेब सोपा आहे. आरपीएमला ६० ने भागा, मग चार सिलिंडरसाठी २ ने, सहासाठी ३ ने, आठसाठी ४ ने गुणा. १,८०० ला सहा सिलिंडरचं इंजिन ९० हर्ट्झला बोलतं. ॲपमध्ये शिखर तिथेच असेल आणि काट्याबरोबर सरकत असेल, तर आवाज इंजिनच्या ठोक्यांचाच आहे आणि आता तो कोणत्या वाटेने आत येतोय तेवढंच शोधायचं. शक्य झालं तर त्याच मॉडेलची, त्याच इंजिनची दुसरी गाडी चालवून बघा. आपल्या जुन्या पेट्रोल गाडीशी तुलना करून काही हाती लागत नाही.

आणि टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंग टेक्निशियनला द्या, तुम्ही मागे बसा. आमचं उत्तर असंच मिळालं. दोन महिने दादा आणि मी पुढेच बसून ऐकत होतो. एकदा लोणावळ्याला जाताना वहिनी तिसऱ्या रांगेत बसली आणि चढावर म्हणाली, “अहो, हा आवाज पुढून नाही, माझ्या पायाखालून येतोय.” दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या सायलेन्सरचं एक रबरी लटकण चिरून खाली आलं होतं. चढावर ताकद लागली की इंजिन थोडं वळायचं, पाइप सरकायचा आणि फ्लोअरखालच्या ब्रॅकेटला टेकायचा. टेकायचा त्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा घासून चकाकत होता. रबर बदलायला पाऊण तास लागला. त्या संध्याकाळी खोपोलीपासून वर येताना काटा १,८०० वर असताना दादाने मुद्दाम पाय दाबला. मागे वहिनी झोपली होती, ती उठली नाही.